टेबल चार बोटं खाली

…नाही नाही नाही, स्टूल होतं! स्टूल नव्हतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात, सलाइनच्या स्टँडशेजारी, चांगलं स्टीलचं, दोन पायऱ्यांचं, खाली रबर लावलेलं स्टूल होतं, आहे, आणि मी इथून गेल्यावरही तिथेच राहणार आहे! सगळा घोळ त्या स्टुलाने घातला, आणि नाव कोणाचं? माझं! का तर म्हणे, सिस्टर, तुम्ही मध्ये होतात… अहो, होते म्हणजे काय, मला उभंच तिथे केलंय! एका बाजूला सर्जन, एका बाजूला भूल देणाऱ्या मॅडम, आणि मी आपली मधली!

तुम्हाला सांगते, बावीस वर्षं झाली मला या थिएटरात. सर्जनच्या हातात हत्यारं द्यायची, एवढंच काम. कात्री म्हटलं की कात्री, चिमटा म्हटलं की चिमटा, आणि चिडून नुसता हात पुढे केला की ओळखायचं. आता आमचे सर. हात असे की बघत राहावं, पण उंची… उंची माझ्याएवढी, आणि मला वरच्या कपाटातला कापसाचा गठ्ठा काढायचा तर मावशींना हाक मारावी लागते. आणि मॅडम? ताडमाड! दारातून येताना वाकतात. आणि ऑपरेशनचं टेबल वर-खाली करायचा खटका असतो पेशंटच्या डोक्याशी, म्हणजे मॅडमच्या हाताशी. झालं की नाही? देवाने जुळवून आणलं बघा.

एके दिवशी सर म्हणाले, "टेबल खाली घ्या." मॅडमनी घेतलं. "अजून." घेतलं. "अजून हो, चार बोटं!" घेतलं. "अजून!" आणि मॅडम कागदातून मान वर न काढता, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सर, आता पेशंट जमिनीला टेकेल. स्टूल घ्या ना!"

तेवढ्यावर भागलं असतं हो! सरांनी गिळलं असतं, मॅडमनी सॉरी म्हटलं असतं… पण आमच्या मावशी! साफसफाई, बाहेरून सामान आणणं, सगळं त्यांच्याकडे. कधी नव्हे ती तत्परता त्या दिवशी दाखवली. गेल्या, स्टूल उचललं, आणि नेऊन ठेवलं सरांच्या पायाशी. वर फडक्याने पुसलं!

त्या दिवसापासून बोलणं बंद. सात महिने! एकाच खोलीत, एकाच पेशंटवर, मध्ये एक हिरवी चादर टांगलेली, चादरीच्या अलीकडे सर, पलीकडे मॅडम, दोन हातांचं अंतर, शिंकलं तरी ऐकू येतं… आणि सर म्हणणार, "सिस्टर, मॅडमना सांगा, टेबल चार बोटं खाली." मी म्हणायचं, "मॅडम, सर म्हणतात टेबल चार बोटं खाली." मॅडम म्हणणार, "सिस्टर, सरांना सांगा, टेबल आहे तिथे बरोबर आहे." मी म्हणायचं, "सर, मॅडम म्हणतात…" आणि मी सांगेपर्यंत ऐकल्याचं दाखवायचं नाही, हं! ढिम्म! मी म्हटलं की मग मान वळणार, "असं का?" असं का म्हणे! हत्यारं देऊ की निरोप देऊ? मी आपली मधली!

लिफ्टवाल्या काकांना विचारा. तीस वर्षं काका आमची लिफ्ट वर-खाली करतात. तर ही दोघं एका लिफ्टमध्ये चढेनात. सर आत असले की मॅडम म्हणणार, "तुम्ही जाऊन या काका, मी थांबते." मग काका सरांना सोडून रिकामी लिफ्ट खाली आणणार, मॅडमना घेणार. रोज दोन खेपा. एकदा मला म्हणाले, "सिस्टर, ही दोघं एकत्र वर गेली ना, त्या दिवशी मी सुखाने डोळे मिटीन." मी म्हटलं, "काका, असं अभद्र बोलू नका." बोलू नका म्हटलं होतं मी. लक्षात ठेवा.

तर हे प्रकरण मॅनेजरच्या कानावर गेलं. मॅनेजर म्हणजे कडक इस्त्री आणि त्याच्या आत काही नाही. त्याने काय केलं? बाहेरून एक बाई बोलावल्या, शिकवायला. सहकाऱ्यांमधला संघर्ष कसा हाताळावा! बोलावणं कोणाला? सरांना आणि मॅडमना. सर म्हणाले, "मला वेळ नाही, सिस्टर जातील." मॅडम म्हणाल्या, "ते नाही जात तर मी का जाऊ? सिस्टर जातील." भांडण दोघांचं आणि वर्गात मी एकटी!

बाईंनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. म्हणाल्या, "या खुर्चीत बसलात की तुम्ही सर. त्या खुर्चीत बसलात की तुम्ही मॅडम. काढा, मनातलं सगळं काढा, मोठ्याने!" मी बसले, उठले, बसले, उठले… सरांच्या खुर्चीतून ओरडले, मॅडमच्या खुर्चीतून ओरडले, सात महिन्यांचं साठलेलं, दोघांच्या वाटचं! आणि शेवटी बाई म्हणतात, "आता दोघांच्या वतीने माफी मागा." मागितली. या खुर्चीतून त्या खुर्चीची, त्या खुर्चीतून या खुर्चीची, घसा फाडून. आणि खरं सांगते, रडले मी. का रडले देव जाणे, स्टूल काही माझ्यासाठी मागवलं नव्हतं.

घरी आले तर घसा बसलेला. बसला म्हणजे पार! तोंड उघडावं तर नुसती हवा. मिठाचं पाणी झालं, हळद झाली, काही उपयोग नाही. नवरा जेवताना म्हणाला, "आज कसं छान, शांत वाटतंय नाही?" बोलता आलं असतं तर दाखवलं असतं शांत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑपरेशन होतं… लिफ्टवाल्या काकांचं. पोटात गाठ. काका आत जाताना माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आहात ना, मग मला काळजी नाही." मी मान हलवली.

आता ऐका, इथे माझं चुकलं, ते मी आधीच कबूल करते. दुसरी सिस्टर रजेवर होती हे खरं, पण मी सांगायला हवं होतं, की माझा घसा बसलाय, मला निरोप पोचवता येणार नाहीत. कागदावर लिहून दाखवता आलं असतं. मी फक्त मावशींना खुणेने सांगितलं. का? कारण माझ्या डोक्यात शिरलं, की बरं झालं! आज मधली मुकी! आज झक मारत बोलावं लागेल एकमेकांशी! मास्क लावला की कोणाला कळतंय? इतकी खूश होते मी, तुम्हाला सांगते, हात धुताना मनातल्या मनात गाणं म्हणत होते. काकांच्या पोटावर मी माझा डाव लावला. काकांच्या! आजही आठवलं की जेवण जात नाही.

आणि आमच्यात काय असतं, एकदा हात धुतले, हातमोजे घातले, टेबलाशी उभं राहिलं, की हात छातीपाशी. नाक खाजवायचं नाही, कोणाच्या खांद्याला लावायचं नाही, मास्क खाली करायचा नाही, कागद-पेन तर नावच काढू नका. डोळे तेवढे आपले.

खोलीत किती जण? मोजा. सर. चादरीपलीकडे मॅडम. मी सरांच्या उजव्या हाताला. मागे भिंतीशी मावशी. आणि काका, झोपलेले. संपली यादी.

सर म्हणाले, "सिस्टर, मॅडमना सांगा, टेबल चार बोटं खाली."

मी गप्प. मशीन आपलं टुक… टुक… टुक.

"सिस्टर?"

मी गप्प. आतून गुदगुल्या होत होत्या हो! म्हटलं बोला, आता बोला की स्वतः. सरांनी घसा खाकरला, चादरीकडे बघितलं, तोंड उघडायला लागले, मास्क हलला, आता बोलतील, आत्ता बोलतील…

"मॅडम, सर म्हणतात टेबल चार बोटं खाली."

कोण बोललं?

माझा आवाज! तोच, सकाळी उठून नवऱ्याला हाक मारते तो. 'म्हणतात'वर मी जरा ओढते ना, तशी ओढ. सरांच्या डाव्या हाताकडून आला. तिकडे काय आहे? काही नाही! दिवा आहे, फरशी आहे, आणि कोपऱ्यात ते स्टूल. टेबल सूंऽ करत खाली गेलं. सर म्हणाले, "हं, आता ठीक." मी जीभ चाचपून बघितली. होती. ओठ मिटलेले होते. मागे वळून मावशींकडे बघितलं, तर मावशी माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलेलं.

म्हटलं भास. घसा बसला की कान वाजतात, डोकं जड होतं. कात्री दिली, चिमटा दिला, कात्री दिली…

आणि रक्त आलं. एकदम, खालून, भसकन. सरांचा हात आत, मनगटापर्यंत लाल, आणि मशीनचं टुक टुक घाईघाईने व्हायला लागलं. मॅडम पलीकडून ओरडल्या, "सिस्टर, सरांना सांगा प्रेशर पडतंय!" सर ऐकतायत हो, दोन हातांवर आहेत! पण सात महिन्यांची सवय… मी सांगेपर्यंत मान वळायचीच नाही, ती वळेना! सर खाली बघून, "सिस्टर, मॅडमना सांगा रक्त लागेल, दोन पिशव्या!" आणि मॅडम माझ्याकडे बघतायत, मी कधी सांगते म्हणून! मी ओरडले, सगळा जीव एकवटून ओरडले. हवा! नुसती हवा, मास्कसुद्धा हलला नाही. ट्रे आपटला, तर सर म्हणतात, "आदळआपट नको!" काका… काकांचा पाय माझ्या समोर, चादरीखालून एक अंगठा बाहेर आलेला, पांढरा पडत चाललेला. म्हटलं काका, मारलं मी तुम्हाला. हौस होती मला, यांना बोलतं करायची.

"सर, मॅडम म्हणतात प्रेशर पडतंय. मॅडम, सर म्हणतात दोन पिशव्या रक्त."

डावीकडून. शांत. मी कधी इतकी शांत बोलले असेन जन्मात?

मॅडम उठल्या, मावशी धावल्या, रक्ताच्या पिशव्या लागल्या. आणि तो आवाज थांबेचना! "सर, मॅडम म्हणतात घाई करू नका. हात तिथेच दाबून धरा. मी सांभाळते इकडे." आता मॅडम असं काही म्हणाल्याच नव्हत्या! मॅडम पिशवी दाबत होत्या, त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं. पण सरांनी हात दाबून धरला. मग तो आवाज म्हणतो, "मॅडम, सर म्हणतात तुम्ही आहात म्हणून मी हात घालायला धजतो." हे सर म्हणाले? सर? मग, "सर, मॅडम म्हणतात स्टुलाचं बोलले ते चुकलं माझं." आणि, "मॅडम, सर म्हणतात माझंही चुकलं, इतकं ताणायला नको होतं."

ओळखीचं वाटलं मला. कुठे ऐकलं? अहो, आदल्या दिवशी! दोन खुर्च्या! माफीचा शब्द न् शब्द माझा, त्या खोलीत घसा फाडून म्हटलेला! माझ्या पाठीवरून असा थंड पाण्याचा थेंब गेला, कमरेपर्यंत, आणि पुसताही येईना, हात छातीपाशी.

रक्त थांबलं. टुक… टुक… टुक सावकाश झालं. चादरीखालचा अंगठा गुलाबी झाला. सर चादरीवरून बघून, सरळ मॅडमकडे बघून म्हणाले, "प्रेशर कसं आहे?" आणि मॅडम म्हणाल्या, "छान आहे, सर." सात महिन्यांनी! मला आनंदाने रडू यायला हवं होतं. मी डावीकडे बघत होते. स्टूल कोपऱ्यातून दोन पावलं पुढे आलेलं होतं.

बाहेर आल्यावर मावशींनी मला कपाटामागे ओढलं. म्हणाल्या, "सिस्टर, घसा बसलाय ना तुमचा?" मी मान हलवली. "बोलणारीचा मास्क हलतो. आत-बाहेर होतो. तुमचा एकदाही हलला नाही." आणि त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि फरशी पुसायला निघून गेल्या, पुसलेलीच फरशी.

मग सरांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं. म्हणाले, "सिस्टर, माझ्या नावावर तुम्ही दोन वाक्यं जास्तीची घातलीत, मला कळलं. हरकत नाही. पण मॅडमनी आपणहून माफी मागितली, हे महत्त्वाचं. मोठं मन लागतं." दहा मिनिटांनी मॅडमनी बोलावलं. दार लावलं. "सिस्टर, माझ्या नावाने काहीतरी सांगितलंत तुम्ही, जाऊ दे. पण सर स्वतः चुकलो म्हणाले ना, मला त्यातच सगळं आलं." आता सांगा! माझ्या घशात हवा, आणि हवा नसती तरी काय सांगणार होते? की कोणीच काही म्हणालं नाही? की माफी कोणाचीच नाही? म्हणजे पुन्हा स्टूल, पुन्हा सात महिने, आणि टेबलावर कोण असेल, कोणाची आई, कोणाचा भाऊ… गिळलं. अजून गिळतेय. मी आपली मधली!

मॅनेजरने मला प्रमाणपत्र दिलं. संघर्ष उत्तम हाताळल्याबद्दल! थिएटरबाहेर भिंतीवर लावलंय, माझ्या फोटोसकट. फोटो त्या दिवशीच काढलेला, मास्क लावून. जाता-येता मी त्या मास्ककडे बघत नाही, हलला तर काय घ्या?

चौथ्या दिवशी माझा घसा मोकळा झाला. काका महिन्याभराने कामावर आले. सर आणि मॅडम एकाच लिफ्टने वर जातात आता, हसत-खिदळत, काकांची एक खेप वाचली. सगळं गोड झालं, नाही का? परवा मी एकटी लिफ्टमध्ये शिरले. काका दार बंद करेनात. धरून उभे. मी म्हटलं, "काका, चला की." काका माझ्या मागे बघून म्हणाले, "हो हो, त्या आल्या की निघू." मग त्यांनी दार लावलं, आणि मी जिन्याने का आले नाही म्हणून स्वतःला शिव्या घालत वर गेले.

कारण ती, माझ्या आवाजाची, गेली नाही हो! यांचं बोलणं सुरू झालं, निरोप संपले, तिचं काम संपलं… तर जाईल की नाही? पोट शिवायच्या आधी आत ठेवलेले कापडी मॉप मोजून घ्यायचे, ते माझं काम, बावीस वर्षं माझं. मी म्हणते "अकरा," तोवर डावीकडून "बारा." मी म्हणते "बारा," ती "तेरा." माझ्याच आवाजात, माझ्या एक पुढे! सर म्हणतात, "सिस्टर, एकदाच मोजा हो." शेवटी एक दिवस मी सामानाच्या खोलीत गेले, दार लावलं आणि तिला म्हटलं, "बाई, उपकार झाले तुझे. काकांना वाचवलंस, पाया पडते. पण आता तुझं इथे काय काम?"

तर कपाटामागून, माझ्या आवाजात, अगदी शांत म्हणते, "आणि तुझं?"

लागलं मला. बावीस वर्षं! तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. ती माझ्याशी बोलत नाही. तोंडच बघत नाही मी तिचं… म्हणजे, तसंही. पण काम म्हटलं की बोलावं लागतंच ना? काल मॉप मोजताना तिने पुन्हा सुरू केलं, "सहा, सात…" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, तिला सांगा, मोजणी माझी आहे!"

म्हटल्यावर माझी मला लाज वाटली. वाटलं आता सर विचारतील, कोणाला सांगू? सिस्टर, बरं आहे ना तुम्हाला?

सरांनी काही विचारलं नाही. हात आतच ठेवून, मान डावीकडे वळवली, माझ्याकडे नाही हं, डावीकडे, आणि साधेपणाने म्हणाले, "सिस्टर, त्या म्हणतात मोजणी त्यांची आहे."

सिस्टर ती! आणि मी 'त्या'!

मग डावीकडून माझा आवाज आला, 'सांगा'वर जरा ओढून, अगदी गोड.

"सर, त्यांना सांगा, हरकत नाही. पण तिथून सगळे दिसत नसतील तर स्टूल घ्या म्हणावं."

आणि मावशींनी… अहो, पायाशी आणून ठेवलं. पुसून! काय करणार, चढले. मोजले. चौदा होते, बरोबर होते, तीही तेच म्हणत होती.